म्हाताऱ्या स्विचची हाक

गाड्यांचे भाग आपसात बोलत, त्या काळची गोष्ट. एका जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये क्रूझ कंट्रोल होता. ठरवून दिलेला वेग धरून ठेवणं आणि ब्रेक दाबला की तो सोडणं, हे त्याचं काम. पण ब्रेकचा म्हातारा स्विच खड्डा आला की उगाच ओरडे, “ब्रेक दाबला!” आणि क्रूझ लगेच वेग सोडून देई. मालकीण यमुनाताईंनी पुढची लिंबू-मिरची बदलली, तरी फरक पडेना.

इंजिन चिडून म्हणालं, “अरे, त्याचं ऐकतोस कशाला? सगळे तुलाच निकामी म्हणतात.”

पुढच्या खड्ड्यावर स्विच ओरडला आणि क्रूझने पुन्हा वेग सोडला.

शेवटी रज्जाक मिस्त्रींनी स्विचची ढिली स्प्रिंग बदलली. इंजिनाने पुन्हा विचारलं, “इतक्या खोट्या हाका का ऐकल्यास?”

“त्यातली एखादी खरी असती आणि मी ती ऐकली नसती,” क्रूझ म्हणाला, “तर मला निकामी म्हणायला कुणी उरलं नसतं.”