नांदरूळला आलेली 'तिसरी उशी'

नांदरूळ गावात एक भोळा घरजावई राहत होता. घर सासऱ्याचं होतं, भोळेपणा तेवढा स्वतःचा. नाव नरहरी. सांगितलेलं तो नीट ऐकायचा, शब्दन् शब्द लक्षात ठेवायचा आणि तस्संच करायचा. त्याची स्मरणशक्ती जरा कमी असती तर गावाचं फार भलं झालं असतं.

सासरे आप्पासाहेब कोरगावकर हे रसिकरंजन मंडळाचे अध्यक्ष. बाहेरगावचं नाटक गावात आणायचं आणि ते गेल्यावर महिनाभर त्याची खोड काढायची, हे मंडळाचं काम. त्या वर्षी मुंबईत 'तिसरी उशी' नावाचं खुनाचं नाटक लागलं होतं. पेपरवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं होतं. नांदरूळमध्ये ते कुणीही पाहिलेलं नव्हतं, पण मतं सगळ्यांची तयार होती. वकीलसाहेब म्हणायचे, दुसरा अंक फार उंचीवर जातो. औषधवाले शेठ म्हणायचे, त्यातल्या नटवर्य तेलंगांचा अभिनय काय वर्णावा. आप्पा तर चहाच्या दुकानात बसून शेवट सोडून सगळं नाटक समजावून सांगायचे. शेवट पेपरात छापलेला नव्हता, नाहीतर तोही सांगितला असता.

मागे एकदा एक कंपनी आली होती, तेव्हा नायिका मरत असताना पाचव्या रांगेत भेळ वाटली गेली. तेव्हापासून एकही कंपनी गावाकडे फिरकली नव्हती. आप्पांनी सहा महिने विनवण्या करून 'तिसरी उशी' ठरवलं. कंपनीने निरोप दिला, हा प्रयोग नीट पार पडला तर आमचं प्रत्येक नवं नाटक तुमच्याकडे. काही गडबड झाली तर पुन्हा विचारू नका.

नरहरीला नाटकाचं वेड नव्हतं. त्याला एकच हवं होतं. आप्पांनी एकदा तरी चारचौघांत 'शाब्बास जावईबापू' म्हणावं. बायको शकू म्हणाली, "या खेपेला तरी सांगतील तसंच करा हो."

"तसंच तर करतो," नरहरी म्हणाला.

पहिलं काम पोस्टरचं. आप्पा म्हणाले, "जावईबापू, येताजाता सगळे बघतात अशा ठिकाणी लावा."

नरहरी गावभर हिंडला. लोक काय बघतात ते त्याने बघितलं. एसटी स्टँडवर वेळापत्रकाचा फलक होता. जो येई तो आधी त्याच्याकडे बघे. नरहरीने भरपूर खळ लावून पोस्टर बरोबर त्यावर चिकटवलं. कोपरेसुद्धा दाबले. दुपारपर्यंत अर्धं गाव स्टँडवर बसून होतं आणि एक वऱ्हाड नवरदेवाविना पुढे निघून गेलं होतं.

आप्पांनी कपाळावर हात मारला. जावयाला अरेतुरे करता येत नाही, म्हणून ते दात ओठ खात अहोजाहोच करत होते. "अहो, खाली काय आहे ते बघावं की नाही? रिकामी जागा दिसली की तिथे लावायचं!"

"बरं. रिकामी जागा दिसली की लावायचं."

दुसऱ्या दिवशी तिकिटविक्री सुरू झाली. आप्पा जेवायला गेले आणि नरहरीला खिडकीत बसवून गेले. समोर खुर्च्यांचा प्लॅन होता. पहिल्या रांगेच्या चौकटी आप्पांनी कोऱ्या ठेवल्या होत्या. मामलेदार, वकील, शेठ असे मानकरी तिथे बसायचे. ही मंडळी फुकट येतात, पहिल्या अंकात घोरतात आणि शेवटी हार घालायला उठतात. नरहरीला काय, रिकामी जागा दिसली. रांगेत सगळ्यात पुढे बाजार समितीतले हमाल होते. त्याने सगळ्यांना ओळीने पहिल्या रांगेत लावून टाकलं. हमाल खूश झाले. ते खरोखरच नाटक बघायला येणार होते.

आप्पा जेवून आले आणि प्लॅन बघून ओरडले. "जावईबापू! अहो ती मानाची रांग! माणूस समोर आला की आधी विचारावं, आपण कोण, कुठले, काय करता? आणि मग सोडावं!"

"बरं. आधी विचारायचं, मग सोडायचं."

प्रयोगाच्या दिवशी सकाळी कंपनीची बस आली. नटवर्य भार्गव तेलंग खाली उतरले. शाल, गॉगल, सगळा थाट. थिएटरच्या दारात नरहरी आडवा उभा होता.

"आपण कोण?"

तेलंग हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे.

"कुठले? काय करता?"

"मी भार्गव तेलंग," ते म्हणाले. हे वाक्य त्यांना पंचवीस वर्षांत म्हणावं लागलं नव्हतं.

"बरं. आणि पोटापाण्याला?"

नरहरीच्या डोक्यामागे भिंतीवर तेलंगांचा हातभर चेहरा लावलेला होता. पण त्याला विचारायला सांगितलं होतं, बघायला नव्हे. आप्पा धावत आले, तोवर नटवर्य भर उन्हात उभे राहून शिक्षण सांगत होते. आप्पांनी पाय धरले, माफी मागितली, शहाळं पाजलं. मग जावयाला कोपऱ्यात घेतलं.

"अहो, मोठा माणूस आला की त्याला विचारायचं नसतं! हात जोडायचे, आणि त्याने विचारायच्या आत आपणच सगळं सांगायचं!"

"बरं. विचारायच्या आत सगळं सांगायचं."

दुपारी कंपनीने दिवे लावून शेवटच्या प्रवेशाची तालीम केली. सगळी दारं बंद. आत फक्त पाणी द्यायला नरहरी. खून कुणी केला ते त्याने पाहिलं, आणि पाण्याचे पेले उचलून बाहेर आला. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही.

संध्याकाळी गाव लोटलं. मोगऱ्याचे गजरे, अत्तर, इस्त्रीचे झब्बे. जो तो दुसऱ्याला नाटकाची खोली समजावत होता. मामलेदार सपत्नीक आले. नरहरीने हात जोडले.

"या साहेब. पाणी डावीकडे. चहा मध्यंतरात. संडास मागे, पण कडी लागत नाही. आणि खून केलाय तो..."

आप्पांनी झडप घालून त्याचं तोंड दाबलं. मामलेदारीणबाई दचकल्या. आप्पांनी जावयाला तसंच ओढत रंगमंचाच्या मागे नेलं.

"तुम्हाला माहितेय? शेवट?"

नरहरीने मान हलवली.

"मग ऐका. या नाटकाचा जीव शेवटात आहे. तो फुटला तर गावाचं नाक कापलं जाईल, पुन्हा कंपनी येणार नाही. काय वाटेल ते होवो, शेवट कुणालाही कळता कामा नये! कुणालाही! कळलं?"

"बरं. शेवट कुणालाही कळता कामा नये."

पडदा ओढणाऱ्या माणसाचा हात सुजला होता. तिथे बोलायला कुणी नसतं, म्हणून आप्पांनी जावयाला दोरीपाशी उभं केलं आणि निर्धास्त होऊन खुर्चीत जाऊन बसले.

तिसरी घंटा झाली. आणि खरं सांगायचं तर नाटक अप्रतिम झालं. कुणी खोकलं नाही. भेळेचं कुणी नाव काढलं नाही. मध्यंतरात तेलंग स्वतः म्हणाले, "आप्पासाहेब, असा प्रेक्षक मुंबईत मिळत नाही. पुढच्या नाटकाची तारीख आजच ठरवू." आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. पडद्याच्या दोन्ही खेपांना नरहरीने दोरी बरोबर वेळेवर ओढली होती, म्हणून जाता जाता ते त्याच्या पाठीवर थाप मारणार होते, पण घंटा झाली.

शेवटचा प्रवेश आला. अंधार. एकच दिवा. तेलंग हळूहळू पुढे आले. तिसरी उशी उचलली. थिएटरमधलं सगळं माणूस खुर्चीच्या कडेला आलं. तेलंगांनी हात वर केला, बोट रोखलं आणि म्हणाले, "मामासाहेबांचा खून करणारी व्यक्ती याच खोलीत आहे. आणि ती व्यक्ती म्हणजे..."

नरहरीने पडद्याच्या फटीतून बघितलं. सगळं गाव कान देऊन बसलं होतं. आणखी एक क्षण, आणि सगळ्यांना शेवट कळणार होता!

त्याने दोरीला लोंबकळून पडदा पाडला. मग उघडायला कुणी येऊ नये म्हणून दोरीला गाठीवर गाठ मारली आणि त्या गाठींवर बसला.

पुढे जे झालं ते सांगवत नाही. तेलंग उशी हातात घेऊनच बसमध्ये जाऊन बसले. कंपनीने सामान कोंबलं, बस निघाली आणि व्यवस्थापक खिडकीतून ओरडला, "या गावाचं नाव पुन्हा काढू नका!" खुर्च्या मोडल्या. ज्या वकीलसाहेबांना दुसऱ्या अंकाची उंची माहीत होती, ते शेठच्या अंगावर धावून गेले. पहिल्या रांगेतले हमाल तेवढे जागेवर बसून वाट बघत होते.

आप्पा धापा टाकत मागे आले. गाठींवर नरहरी शांत बसला होता. "कुणालाही कळला नाही, आप्पा," तो म्हणाला, आणि शाबासकीची वाट बघू लागला.

आप्पांच्या मागोमाग मामलेदार आले, वकील आले, शेठ आले, सगळं रसिकरंजन मंडळ आलं. आप्पांनी इकडेतिकडे बघितलं, घसा खाकरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा जावयापुढे हात जोडले.

"जावईबापू, झालं ते झालं. आता तेवढं सांगा. खून कुणी केला?"

नरहरीने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि सासऱ्याच्या कानाशी वाकला.

"आप्पा," तो हळूच म्हणाला, "तुम्ही माझी परीक्षा बघताय, हे मला कळलंय."