अर्धा शब्द

“‘हाएरे’ म्हणजे ‘जा’च ना, फादर?”

फादर इनास तुस्कानो ओट्यावर सुपात वाल सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“परवा तुम्हीच शिकवलंत,” जोकीम म्हणाला. “जाणे म्हणजे हाएरे. हो की नाही, एवढंच सांगा.”

“आधी धडा.”

“धडा नको. मी तिकडे जात नाही. तिकीट परत पाठवतो.”

“बरं. बस.”

जोकीम बसला नाही.

जोकीम रुमाव वसईचा. फुलांची वाडी होती त्याची. मोगऱ्याची तोडणी आटपून तो तसाच आला होता. शाळा चौथीत सुटली, पण गावात कुणापुढे मान खाली घातली नव्हती. त्याचा एकुलता मुलगा पास्कोल बोटीवर नोकरीला लागला, दूर ताहिती बेटावर उतरला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून राहिला. मासेमारी करायचा. गेल्या वर्षी तापाने तिथेच गेला. मागे सून आणि लहानगी नात वाइमिती. दोघींना फ्रेंच येते आणि बेटावरची ताहितीयन. मराठीचे अक्षर येत नाही.

तिकीट सुनेने पाठवले होते.

फादर इनास उमेदीची सगळी वर्षे त्या बेटांवर धर्मगुरू होते. म्हातारपणी गावी परतले आणि चर्चमागच्या खोलीत राहू लागले. जोकीम सकाळी त्यांच्याकडे यायचा. विमानतळावर, रस्त्यावर, सुनेच्या घरात अडू नये, एवढे बोलणे त्याला हवे होते.

“माणूस भेटला की काय म्हणायचं?” फादरांनी विचारले.

“मी जात नाही म्हटलं ना.”

“जाऊ नको. काय म्हणायचं?”

“…बाँजूर.”

“म्हशीला हाकलतोस का? हळू म्हण.”

“बाँजूर.”

“कुणी काही दिलं तर?”

जोकीमने तोंड फिरवले.

“मेर्सी,” फादर म्हणाले.

“तो शब्द मी म्हणणार नाही.”

“का?”

“मर्सी माझ्या बायकोचं नाव.”

फादरांचा हात थांबला.

“जन्मभर मर्सी, मर्सी म्हणून हाक मारली तिला,” जोकीम म्हणाला. “आता ती नाही. दुकानात मिठाच्या पुडीसाठी तिचं नाव घेऊ?”

“म्हणजे जन्मभर तू तिचे आभार मानत होतास.”

“मी पाणी मागत होतो.”

“ते तुला ठाऊक. तिकडच्या माणसाने ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, केवढा सभ्य नवरा.”

जोकीमला हसू आले. ते त्याने गिळले आणि ओट्याच्या कडेला टेकला.

“चुकलं तर काय म्हणायचं?”

“ते नको.”

“पार्दों.”

“हा शब्द माझ्या तोंडात मराठीतही बसत नाही.”

“फ्रेंचमध्ये बसेल. परक्या भाषेत जीभ लाजत नाही.”

जोकीमने ओठ हलवले. आवाज आला नाही. फादरांनी आग्रह केला नाही.

“निघताना?”

“ओ रव्वार.”

“बेटावरच्या भाषेत?”

“नाना. ही काय निरोप घ्यायची रीत? कुणाला तरी हाक मारल्यासारखं.”

“आणि आपल्यात?”

आपल्यात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतात. पास्कोल बोटीवर निघाला तेव्हा उंबऱ्यात उभा राहून तेच म्हणाला होता, “येतो, बाबा.” वाडी सोडून पोरगा दर्यावर चालला, याचा जोकीमला संताप होता. तो पाठ फिरवून म्हणाला होता, “जा.” शेजाऱ्यांनी ऐकले होते. गावाला ठाऊक होते. पास्कोल पुन्हा आला नाही.

विहिरीवरचा पंप सुरू होता. पाणी पाटातून केळींकडे जात होते.

“फादर… तो तिथे मराठी कुणाशी बोलत असेल?”

“मी नारळ मोजताना बोलायचो. सगळं परक्या भाषेत जमलं, मोजणं नाही जमलं.”

“तो नारळ मोजत नव्हता.”

“मग मासे मराठीत मोजले असतील.”

जोकीमने तळहाताने तोंड पुसले. मग तो म्हणाला,

“माझाच शब्द मला परत मिळाला, फादर.”

“कसा?”

“काल रात्री पोरीचा फोन आला. तिकडे तेव्हा कुठे सकाळ होत होती. मी म्हटलं, या ओराना, बेटावरचा नमस्कार. तुम्ही शिकवलंत तसंच. पोर हसली. बापासारखीच हसते… नाकातून.”

“मग?”

“मग म्हणाली, हाएरे.”

फादरांनी चटकन मान वर केली.

“मला जा म्हणाली. एवढीशी पोर. आणि लगेच आईला हाका मारायला लागली. माई, माई. म्हातारा नको, तू घे फोन, म्हणून. मी बंद केला.”

“आईला हाका मारत होती?”

“माई म्हणजे आईच की. एवढं मला न शिकता कळतं.”

फादरांनी वालाचे सूप बाजूला सारले.

“ऊठ. खाली उतर.”

“कशाला?”

“उतर म्हणतो ना.”

जोकीम अंगणात उतरला.

“हाएरे,” फादर म्हणाले.

“म्हणजे जाऊ?”

“शिकलायस ना? हाएरे.”

जोकीमचा चेहरा ताठ झाला. त्याने पाठ फिरवली आणि चालू लागला. विहीर ओलांडली. केळींमधल्या वाटेला लागला. म्हाताऱ्याने शेवटी आपल्याला हाकलून दिले, असे त्याला वाटले. तो थांबणाऱ्यातला नव्हता.

“हाएरे माई!”

तो थांबला.

“हाएरे माई, जोकीम!”

त्याने वळून पाहिले. फादर ओट्यावर उभे होते. गुडघे धड नव्हते, तरी कशाचाही आधार न घेता उभे होते. दोन्ही हात त्याच्याकडे पसरले होते. बोटे आत वळत होती… पोराला पहिली पावले टाकायला बोलावतात तशी.

जोकीम जागचा हलला नाही.

“तिथे आईला माई म्हणत नाहीत,” फादर म्हणाले. “मामा म्हणतात.”

“मग माई?”

“माई म्हणजे इकडे. माझ्याकडे.”

पंप बंद पडला. पाटातले पाणी तेवढे वाहत राहिले.

जोकीम परत आला. ओट्याजवळ येऊन उभा राहिला.

“आणि जा?”

“हाएरे आतु.”

“म्हणजे शब्द एकच.”

“एकच. शेपूट वेगळं. मी तुला रस्ता विचारण्यापुरता अर्धा शिकवला होता.”

“सबंध का नाही शिकवला?”

“तू रस्ताच विचारत होतास.”

जोकीम पायरीवर बसला. फादरही हळूहळू खाली बसले.

“किती वेळा म्हणाली?” फादरांनी विचारले.

“मी बंद करेपर्यंत म्हणत होती.”

फादरांनी पायरीवर पडलेले वालाचे टरफल उचलले.

“आपल्यातही तसंच आहे ना, फादर? पोरगं येतो म्हणालं की बाप म्हणतो, जाऊन ये.”

“हो.”

“मी शेपूट लावलं नाही.”

फादरांनी ‘देव क्षमा करतो’ म्हटले नाही, की जोकीमच्या खांद्यावर हात ठेवला नाही. सूप पुन्हा जवळ ओढले, पण वाल सोलला नाही.

जोकीम तोंडातल्या तोंडात काहीतरी घोळवू लागला. आधी नुसता श्वास. मग ओठ. मग अगदी हळू, कुणाला ऐकवायचे नसल्यासारखे,

“पार्दों…”

फादरांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

“शब्द नीट येतो का?” जोकीमने विचारले.

“येतो.”

जोकीमने खिशातून फोन काढला. सुनेच्या नावावर अंगठा ठेवला. दाबला नाही.

“पोर वाट बघून बघून उठून गेली असेल,” तो म्हणाला. “काल बोलायला हवं होतं. आता उशीर झाला.”

फादरांनी केळींच्या माथ्यावर आलेल्या उन्हाकडे पाहिले.

“इथे झाला,” ते म्हणाले. “तिथे अजून कालचाच दिवस आहे.”