दोराला लागलेला हात

एकदा एका शहाण्या म्हाताऱ्याने साऱ्या गावासमोर उघड वेडेपणा केला. कोणी हसले नाही, कारण म्हातारा म्हणजे गावचे गुरुजी होते आणि अर्ध्या गावाने त्यांच्या हातची छडी खाल्ली होती. पण प्रत्येकाच्या मनात एकच आले, गुरुजींचे आता वय झाले.

गाव डोंगराच्या पायथ्याशी होते. तिथल्या तांबट आळीत सकाळ झाली की हातोड्यांचे ठोके सुरू होत आणि त्या ठेक्यावर शाळेतली पोरे पाढे म्हणत. फार गोड दिवस होते ते. असे म्हणण्याची आम्हा म्हाताऱ्यांना खोडच असते, पण काय करणार, होतेच ते गोड. पुढे घरोघरी स्टीलची भांडी आली आणि एकेक हातोडा खुंटीला गेला.

त्या आळीतले शेवटचे तांबट म्हणजे भिकाजी. मुलगी सासरी, घरात ते आणि त्यांची बायको अशी दोघेच. घर दोन खणांचे, पण स्वतः उभारलेले. अशात गावाची बाजारपेठ त्या आळीशेजारी आली आणि तिथल्या घरांना सोन्याचा भाव चढला. भाव चढला म्हणून घरपट्टीही चढली. भिकाजींच्या घरात एक वीट वाढली नव्हती. वाढली होती ती नुसती किंमत, आणि किंमत काही चुलीवर शिजत नाही. पहिल्या वर्षी त्यांनी हंडा विकून पट्टी भरली, दुसऱ्या वर्षी बंब विकला. तिसऱ्या वर्षी विकण्याजोगे एवढे घरच उरले.

कापडाच्या एका व्यापाऱ्याला गोदामासाठी जागा हवीच होती. त्याने विसार दिला. माणूस वाईट नव्हता. रथोत्सव होऊन जाऊ द्या, मग सावकाश घर सोडा, असे त्यानेच सांगितले.

नगरपालिकेत घरपट्टीचे काम पाहणारा हरिहर हा गुरुजींचा आवडता शिष्य. सरळ, कष्टाळू आणि नियमाला देव मानणारा. भिकाजींचे कळले तेव्हा त्याला मनापासून वाईट वाटले. नियमात माफीची एक वाट होती, ती घेऊन तो त्यांच्या घरी गेला. अर्जावर एका ठिकाणी सही करायची होती, ‘मी निराधार आहे’ या शब्दांखाली. भिकाजींनी अर्ज वाचला, घडी घातली आणि परत दिला.

“माझ्या डोक्यावर माझं छप्पर आहे, शेजारी बायको बसली आहे,” ते म्हणाले. “मी निराधार कसा? घर जाईल तर जाऊ दे, पण असलं मी लिहून देणार नाही.”

हरिहर हिरमुसला होऊन गुरुजींकडे आला. त्याने आपली बाजू मांडली. नियम सर्वांना सारखा आहे. एकाला सोडले तर दुसरा विचारणार. माफी द्यावी तर भिकाजीकाका घेत नाहीत. माझ्याकडून काय चुकले ते तरी सांगा. गुरुजींनी सगळे ऐकून घेतले आणि परवा रथाला येणार आहेस ना, एवढेच विचारले. हरिहरला त्यांचा जरा रागच आला.

आता त्या रथाची रीत सांगायला हवी. ग्रामदेवतेचा तो रथ लाकडी आणि भलता जड. दर घराचा एक हात दोराला लागलाच पाहिजे, त्याशिवाय रथ ते दार ओलांडीत नसे. ज्यांच्या अंगात बळ त्यांनी ओढायचे. पण ज्या घरात म्हातारे किंवा अडलेले माणूस असे, तिथे रथ थांबे, तरुण मंडळी दोराचे टोक उंबरठ्यापर्यंत नेत आणि म्हणत, “हात लावा.” घरच्याने हात लावला की रथ पुढे निघे. त्या घराने रथ ओढला असेच सारे गाव धरून चाले. ही रीत कोणी घातली, कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या वर्षी रथ गुरुजींच्या दारी आला. हरिहरनेच दोराचे टोक वर नेले. गुरुजींनी हात लावला नाही. ते पायऱ्या उतरून रस्त्यावर आले, उपरणे कमरेला बांधले आणि ओढणाऱ्यांना बाजूला व्हायला सांगितले. गुरुजींचा शब्द मोडायची कोणाला सवय नव्हती, सगळ्यांनी दोर सोडला. गुरुजींनी तो खांद्यावर घेतला आणि एकट्याने ओढायला लागले.

रथ कसला हलतो. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, पाय लटपटले. लोक कुजबुजू लागले. हरिहरने धावत जाऊन दोर धरला आणि काकुळतीने म्हणाला, “गुरुजी, हे काय चालवलंय? तुम्ही नुसता हात लावला तरी पुरे आहे.”

“पुरे कसं? नियम सर्वांना सारखा ना?” गुरुजी धापा टाकीत म्हणाले.

हरिहरने दोर त्यांच्या खांद्यावरून उतरवून घेतला. गुरुजी पायरीवर टेकले. दम परतला तसे ते शांतपणे बोलू लागले, आणि रथाभोवती उभे असलेले सगळे लोक ऐकत राहिले.

“हरिहरा, माझे वडील गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. त्या वर्षी रथ आमच्या दारी आला आणि एक कोवळा पोरगा दोराचं टोक घेऊन आईपुढे उभा राहिला. ‘काकू, हात लावा,’ म्हणाला. आईने हात लावला आणि आमच्या घरचा भार त्याने ओढला. माफी हा शब्द कोणी उच्चारला नाही, म्हणून आई ताठ मानेने घरात परतली. आई हे मरेपर्यंत सांगायची. तो पोरगा म्हणजे हे भिकाजी. ज्या रस्त्यावर ही बाजारपेठ आली आणि त्यांच्या घराची किंमत वाढली, त्याची खडीही त्यांनी श्रमदानात वाहिली आहे. त्यांच्या वाट्याचा रथ त्यांचा ओढून झालाय रे. दोर प्रत्येक दाराशी जावा, ही समता. प्रत्येकाने तेवढाच जोर लावावा, हा हट्ट. ज्याचं वय झालं, ज्याची कमाई तुटपुंजी, त्याचा फक्त हात माग. उरलेला जोर आपण लावू. आपण असतो कशासाठी?”

एवढे बोलून गुरुजींनी दोराला हात लावला. रथ निघाला.

पुढे हरिहरने नगरपालिकेच्या सभेपुढे ठराव ठेवला. स्वतःच्या घरात राहणारे वृद्ध आणि अल्प मिळकतीची कुटुंबे यांनी घरपट्टीचा लहानसा वाटा द्यावा, उरलेला भार पेठेतल्या दुकानांवर वाटावा, आणि अर्जात निराधार हा शब्द कुठेही नसावा. कुरकुर झाली. तेव्हा, तुमचे गुडघे गेल्यावर रथ तुमच्या दारी थांबावा की नाही, एवढेच हरिहरने विचारले. ठराव झाला. सर्वांत मोठा भार त्या कापडवाल्यावर आला. भिकाजी विसार परत करायला गेले तेव्हा त्याने तो घेतला, थोडा कुरकुरला आणि त्यांना चहा पाजला.

पट्टी भरायला भिकाजी धुतलेले धोतर नेसून आले. खिडकीशी रांगेत उभे राहिले. हरिहर आतून उठून बाहेर आला, पावतीपुस्तक त्यांच्यापुढे धरले आणि हळू आवाजात म्हणाला, “काका, हात लावा.”

भिकाजींनी त्याच्याकडे पाहिले. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पैसे ठेवले, सही केली आणि पाठ ताठ ठेवून घरी गेले.

त्या दुपारी तांबट आळीत कितीतरी वर्षांनी ठोके ऐकू आले. खुंटीवरचा हातोडा काढून भिकाजी आपल्या दाराची सैल झालेली कडी पक्की करीत होते.