हसण्यावर बंदी

एकदा एका पशुवैद्याने हसण्यावर बंदी घातली. ऐकणाऱ्याला ही गोष्ट विनोदी वाटेल. तशी ती नाही.

जिल्ह्यातल्या पशुवैद्यांचा मोबाइलवर एक गट होता. अडल्या प्रसंगी एकमेकांना विचारता यावं म्हणून एका वृद्ध पशुवैद्याने तो सुरू केला आणि निवृत्तीनंतर आपल्या आवडत्या शिष्याच्या हाती सोपवला. शिष्य मोठा हुशार, पण जिभेला हाड नाही. कोणी प्रश्न विचारायचा अवकाश, याची थट्टा तयार.

एका सकाळी नव्याने नोकरीला लागलेल्या एका डॉक्टर मुलीने गोठ्यातूनच विचारलं, "म्हैस अडली आहे. गर्भाशयाला उजवा पीळ आहे. कोणत्या अंगाला लोळवू?" ज्या अंगाचा पीळ, त्याच अंगाला जनावर लोळवायचं, हे साधं ज्ञान, पण समोर म्हैस तडफडत असली की साधं तेच आधी विसरतं. शिष्याने लिहिलं, "डावीकडे लोळवा, उजवीकडे तिची सासू बसलीय!" पाठोपाठ चाळीस जण हसले. "उजवीकडे" असं खरं उत्तर देणारा एक भला माणूस त्या हशात कुठल्या कुठे गडप झाला. घाबरलेल्या मुलीने वरच्या उत्तराचे पहिले दोन शब्द तेवढे वाचले आणि म्हैस डावीकडे लोळवली. पीळ आणखी आवळला. म्हैस गेली, पोटातलं रेडकू गेलं, आणि ती मुलगी कोणाला काही न बोलता गट सोडून गेली.

म्हशीच्या मालकाकडून हे कळलं, तेव्हा शिष्याला अन्न गोड लागेना. आपल्या हजरजबाबीपणाची त्याला किळस आली. त्याने नियम केला: यापुढे फक्त प्रश्न आणि उत्तर, जो थट्टा करील, नुसता हसेल, त्याला गटातून काढण्यात येईल. दोघांना त्याने काढलंही. मग गट शांत झाला. इतका शांत, की दीड महिना कोणी काही विचारलंच नाही.

तेव्हा तो गुरूकडे गेला. म्हणाला, "सर, आता गटात कोणी कोणाला हसत नाही. तरी माझ्या जिवाला चैन नाही."

"दीड महिन्यात एकही जनावर अडलं नाही?" म्हाताऱ्याने विचारलं. "वा! म्हणजे आपला धंदाच बसला म्हणायचा."

म्हाताऱ्याने स्वतःचा मोबाइल काढला, एका बोटाने हळूहळू बरंच काही लिहिलं आणि गटावर पाठवलं. शिष्याने वाचलं ते असं: 'नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात अंधाऱ्या गोठ्यात म्हैस गाभण आहे का, ते आत हात घालून तपासायला गेलो. खांद्यापर्यंत साबण चोपडला, मोठ्या रुबाबात शेपूट धरली. मालक म्हणाला, "सायेब, म्हस पलीकडं हाय. ह्यो रेडा हाय." तेव्हापासून मी आधी जनावर पाहतो, मग साबण लावतो.'

शिष्य हादरला. "सर, हे काय केलंत? नियमाने मला तुम्हालाच काढावं लागेल!"

"काढ की. जरा थांबून काढ."

बराच वेळ गटावर कोणी हूं की चूं केलं नाही. मग एक जण भीत भीत हसला. मग दहा, मग तीस. आणि त्या हसण्याच्या खाली एका डॉक्टरचा प्रश्न उमटला: "सर, मीही एक सांगू? व्यायल्यावर बसलेल्या, उठता न येणाऱ्या गाईला मागच्या महिन्यात शिरेतून कॅल्शियम दिलं. भराभर सोडलं. गाय हातातच गेली. विचारायची हिंमत झाली नाही. परवा दुसरी तशीच गेली. माझंच चुकतंय का?"

शिष्याने ते दोनदा वाचलं.

म्हातारा म्हणाला, "आधी तू विचारणाऱ्याला हसलास. मग सगळ्यांचंच हसू बंद केलंस. अरे, दोन्ही वेळा विचारणारा एकटाच पडला. प्रश्न घेऊन येणारा माणूस आपलं अज्ञान चारचौघांत उघडं करत असतो. त्याला आधी उत्तर द्यावं, आणि हसायचंच तर स्वतःला हसावं. माझा रेडा ऐकून त्याला वाटलं, इथे चुकलेल्यालाही बसायला जागा आहे."

"पण सर, दुसरी गाय वाचली असती."

"हो," म्हातारा म्हणाला.

शिष्याने लिहायला घेतलं. 'होय, कॅल्शियम अतिशय सावकाश सोडायचं असतं. घाई केली तर हृदय थांबतं. पहिल्या गाईची चूक तुमची. दुसरीची माझी.' ते त्याने गटावर पाठवलं.

आपल्याही गटात कोणी बरेच दिवस काही विचारलं नसेल, तर सगळं सुरळीत चाललं आहे असं समजू नये.