कोंडवाड्यातला बेवारस

डोंगरगण नावाच्या गावात ग्रामपंचायतीचा एक भोळा शिपाई राहायचा, त्याचं नाव लिंबाजी. जे सांगाल ते तो ऐकायचा. अडचण एवढीच, की अगदी तेच ऐकायचा.

पंधरा ऑगस्टला तालुक्याचे साहेब झेंडावंदनाला येणार होते. गावाची पाण्याची टाकी त्यांच्या सहीसाठी अडली होती. म्हणून सरपंच कलावतीअक्कांनी सकाळीच झेंड्यात फुलं बांधून ठेवली. लिंबाजीने ती घडी उलगडून फुलं झाडून टाकली. वाटलं, कचरा गेलाय आत.

अक्कांनी पुन्हा फुलं बांधली आणि बजावलं, की बांधलेलं आपण सोडायचं नाही, दोरी पाहुणेच ओढतील.

थोड्या वेळात मास्तरांच्या वासराच्या गळ्याला दावं आवळलं. लिंबाजी शेजारी उभा राहून पाहुण्यांची वाट बघू लागला. मास्तरांनीच धावत येऊन दावं सोडलं. अक्का म्हणाल्या, अरे, गळ्याला फास दिसला की आधी सोडवायचं.

साहेब आले. गळ्यात टाय. लिंबाजीने हार घालायच्या आधी टाय सोडला. साहेब गळा चोळत राहिले. अक्कांनी लिंबाजीला मागे ओढलं आणि दटावलं, की आता गप्प उभा राहा, साहेब बोलतील ते ऐक आणि तसंच वाग.

झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, भाषण रंगलं. साहेब म्हणाले, आज कुणी कुणाच्या कैदेत नाही, सगळी कुलपं उघडा.

कुलूप एकच होतं, कोंडवाड्याचं. मोकाट जनावरं तिथं अडकवायची, आणि किल्ली लिंबाजीकडे. त्याने दार उघडलं. तीन वळू थेट मांडवात घुसले.

अक्कांनी त्याला कोंडवाड्याच्या दारातच गाठलं. दम लागला होता, तरी एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या,

"एकदा आत गेलं, की मालक आल्याशिवाय सोडायचं नाही. मग कुणी का असेना."

लिंबाजीने मान डोलावली. अक्का मांडवाकडे पळाल्या. तेवढ्यात साहेब धावत आले, मागे एक वळू. साहेब मोकळ्या कोंडवाड्यात शिरले. लिंबाजीने कुलूप लावलं. वळू कंटाळून निघून गेला.

"आता उघड," साहेब म्हणाले.

"तुमचा मालक कोण?"

"मला मालक नाही. मी स्वतंत्र माणूस आहे."

लिंबाजीला फार वाईट वाटलं. तो मांडवात गेला, माईक हातात घेतला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं,

"कोंडवाड्यात एक बेवारस सापडलाय. खूण, डोळ्यांवर चष्मा. आठ दिवसांत मालक आला नाही, तर लिलाव होईल."