फळा आणि ओलं फडकं

लोक सकाळी एकमेकांवर हसायचे आणि संध्याकाळी एकमेकांकडेच विरजण मागायला जायचे, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका गावात एक पंतोजी होते. गावाला दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. दोन्हींच्या मधे विहीर होती, आणि विहिरीच्या वाटेवर शाळेच्या भिंतीला एक काळा फळा टांगलेला होता.

रोज सकाळी पंतोजी त्या फळ्यावर दोन ओळी लिहायचे. गावचा कारभार, कारभार करणारे आणि करू म्हणणारे यांच्यावर. बाया भरल्या घागरी घेऊन थांबायच्या, पुरुष दात घासत घासत यायचे. ज्याला वाचता यायचं तो मोठ्यानं वाचायचा, मग सगळे हसायचे आणि कामाला लागायचे.

फळ्याचा एक नियम होता. ज्याच्यावर लिहिलं असेल त्यानंच दुसऱ्या दिवशी येऊन फळा पुसायचा. ओलं फडकं कोपऱ्यातल्या खुंटीवर असायचं. ते वरच्या आळीतला शिंपी आणून ठेवायचा, उरल्यासुरल्या चिंध्या जोडून शिवलेलं. तो पंतोजींचा सगळ्यात जुना वाचक. सूर्य वर यायच्या आत हजर.

"आज कुणाची पाळी?" तो विचारायचा.

"वाचा की."

वरच्या आळीतले वैद्यबुवा तेव्हा गावचे कारभारी होते आणि सभेत हटकून डुलक्या घ्यायचे. एकदा फळ्यावर आलं : 'काल सभेत वैद्यबुवांना गाढ झोप लागली. त्यांचं औषध त्यांना लागू पडलं, असं समजावं.' दुसऱ्या दिवशी वैद्यबुवा स्वतः आले, फडकं घेतलं, फळा स्वच्छ पुसला आणि म्हणाले, "मात्रा जरा जास्त झाली हो."

आठवड्यानं खालच्या आळीतल्या गवंड्याची पाळी आली. 'गवंडीदादांच्या घराची भिंत तीन वर्षं झाली, उद्या पूर्ण होते आहे.' गवंड्यानंही फळा पुसला. भिंत मात्र तशीच राहिली.

असं बरीच वर्षं चाललं. आता आठवलं की वाटतं, तेव्हा गावात दही सुद्धा चांगलं लागत असावं.

दर तीन वर्षांनी चैत्रात गाव आपला कारभारी निवडायचं. देवळासमोर दोन रांजण ठेवायचे, जो तो आपल्या माणसाच्या रांजणात एक खडा टाकायचा. एका वर्षी गवंडी वैद्यबुवांसमोर उभा राहिला. म्हणाला, मी विहिरीला दगडी पायऱ्या बांधीन. बाया चिखलात घसरायच्या, ते पंतोजींनी रोज पाहिलं होतं. त्यांना मनापासून वाटलं, हा माणूस यायला हवा.

वाटण्यात काही चूक नव्हती. पण त्या दिवसापासून फळ्यावर फक्त वैद्यबुवा येऊ लागले. सोमवारी वैद्यबुवांची झोप, मंगळवारी वैद्यबुवांचं पोट, बुधवारी पुन्हा झोप. वैद्यबुवा चार दिवस आले, पुसून गेले. पाचव्या दिवशी म्हणाले, "पंतोजी, मला आता गुडघ्यांचा त्रास होतो." आणि यायचे थांबले. त्यांच्या जागी शिंपी पुसू लागला, आपल्या आळीच्या वतीनं. पण तो आता हसायचा तो नुसता ओठांनी.

खालच्या आळीतली गर्दी मात्र वाढली. "पंतोजी, काल कमी पडलं," लोक म्हणायचे. "आज जरा झणझणीत येऊ द्या." असं कुणी म्हटलं की पंतोजींचा खडू जोरात चालायचा.

निवडीच्या आदल्या दिवशी त्यांनी लिहिलं : 'वरच्या आळीचे खडे वैद्याच्याच रांजणात पडणार. डोकं कुठलं आणि खडा कुठला, हे तिथं अजून कुणाला ओळखता आलेलं नाही.'

खालची आळी पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी आला. खुंटीवरचं फडकं त्यानं घेतलं, पाण्यात बुडवून पिळलं, आणि फळ्यासमोर उभा राहिला. एकदा वाचलं. मग फडक्याची नीट घडी घातली.

"पुसा की," पंतोजी म्हणाले.

"हे मला नाही पुसता यायचं."

"अहो, विनोद आहे तो."

"विनोद पुसायला मी वीस वर्षं फडकं दिलं, पंतोजी. माझ्या आईच्या तापात वैद्यबुवा आठ दिवस घरी येत होते. त्यांना खडा टाकताना मला ते आठवतं. तुम्ही म्हणता, मला डोकं नाही." त्यानं घडी काखेत घातली. "फडकं नेतो. माझंच आहे."

पंतोजींना वाटलं, दोन दिवसांनी येईल. तो आला नाही.

रांजण मोजले. गवंडी सात खड्यांनी जिंकला. खालच्या आळीनं पंतोजींना खांद्यावर घेतलं. वरच्या आळीनं एका मोडक्या दाराला काजळी फासली, ते आपल्या आळीच्या तोंडाशी टांगलं, आणि एका तरुणाला लिहायला बसवलं. त्याचं अक्षर वाईट होतं, पण राग ताजा होता.

आता गावात दोन फळे झाले. वरची आळी वरचा वाचायची, खालची खालचा. ज्याच्यावर लिहिलं तो वाचायला येतच नव्हता, मग पुसणार कोण? कालच्या ओळीवर आजची ओळ चढायची. खडूचा इतका पांढरा थर साचला की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, भिंतीवर धोतर वाळत घातलंय. विरजणाचंही तसंच झालं. सासवा सुनांना सांगू लागल्या, आपल्याच आळीत माग, तिकडे जाऊ नकोस. गवंडी पायऱ्या बांधत होता, आणि दोन्ही आळ्यांत दही आंबट होत होतं.

त्याच दिवसांत खालच्या आळीतल्या एका मुलीचं लग्न वरच्या आळीत झालं. पंतोजींच्याच शाळेत ओटीवर बसून ती अक्षरं शिकली होती. बोलायची कमी. दोन्ही फळे रोज वाचणारं गावात एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे ही नवी सून. वरचा फळा सासरचा म्हणून वाचायची, खालचा माहेरचा म्हणून.

एका सकाळी ती शाळेपाशी थांबली. डोक्यावर घागर, पदर एका बाजूनं भिजलेला, आणि पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"काय झालं गं पायाला?" पंतोजींनी विचारलं.

"तिसरी पायरी."

"कुठली तिसरी?"

"विहिरीची. बाकीच्या वीतभर आहेत, ती हातभर उंच झालीय. चार महिने झाले, रोज कुणीतरी आपटतं." तिनं भिजलेला पदर पिळला. "वरच्या फळ्यावर येतं की सगळी विहीर खचली. तुमच्या फळ्यावर येतं की अशी विहीर पंचक्रोशीत नाही. पायरी उंच झालीय, एवढंच कुठं येत नाही. म्हटलं, तुम्ही गेला नसाल विहिरीवर बरेच दिवस."

"रोज जातो," पंतोजी म्हणाले.

"हो का," ती म्हणाली, आणि घागर सावरत निघून गेली.

पंतोजी रोज जात होते हे खरं होतं. तिसऱ्या पायरीवर रोज त्यांचाही पाय अडखळत होता. पण लिहावं कसं? आपल्या माणसाची पायरी. खालची आळी काय म्हणेल?

त्या दिवशी त्यांनी शाळा लवकर सोडली. बादलीभर पाणी आणलं, स्वतःच्या उपरण्यानं फळा पुसायला घेतला. पाच महिन्यांचा थर निघता निघेना. पाणी तीनदा बदललं तेव्हा कुठं खालचं काळं दिसलं. मग त्यांनी हळूहळू लिहिलं :

'विहिरीची तिसरी पायरी कारभाऱ्यांच्या अभिमानाएवढी उंच झाली आहे. पंतोजींना ती चार महिने दिसली नाही. पंतोजींचा एक डोळा हरवला आहे. कुणाला सापडल्यास शाळेत आणून द्यावा.'

सकाळी खालची आळी जमली, पण हसलं कुणी नाही. एकजण म्हणाला, "पंतोजी, आपल्याच माणसावर?" दुसरा म्हणाला, "वरच्यांनी काय दिलं तुम्हाला?" आणि लोक पांगले. शेवटी गवंडी आला. त्यानं दोनदा वाचलं. आला तसा गेला. पंतोजी ओट्यावर एकटेच बसून राहिले. त्यांना वाटलं, वरची आळी आधीच गेली होती, आता खालचीही गेली.

दुपारी विहिरीकडून छिन्नीचा आवाज येऊ लागला. ठक, ठक, ठक.

तो आवाज ऐकतच वरच्या आळीतून कुणीतरी येत होतं. शिंपी. नव्या सुनेनं सासरच्या ओसरीवर फळ्याची ओळ जशीच्या तशी म्हणून दाखवली होती म्हणे, आणि म्हणताना चेहरा अगदी सरळ ठेवला होता. शिंपी फळ्यासमोर उभा राहिला. वाचता वाचता त्याच्या मिशीचं एक टोक हललं. मग त्यानं काखेतून फडकं काढलं. घरून ओलं करूनच आणलेलं.

"द्या इकडे," पंतोजी उठले. "माझ्यावर लिहिलंय. नियमाप्रमाणे मीच पुसायचं."

"आज राहू द्या. वरच्या आळीला वाचायचंय अजून."

दोघं ओट्यावर बसले. पंतोजी म्हणाले, "खरं सांगू का, कारभारी म्हणून मला अजूनही गवंडीच बरा वाटतो."

"वाटू द्या की. मला वैद्यबुवाच बरे वाटतात."

"तुमच्या डोक्याबद्दल मी लिहायला नको होतं."

शिंप्यानं फडकं जुन्या खुंटीला अडकवलं, नीट बसलं का ते ओढून पाहिलं. म्हणाला, "उद्या माझ्यावर लिहा. पण माझं काहीतरी बघून लिहा. माझ्या हातच्या सदऱ्याची एक बाही लांब होते हल्ली, सगळी आळी तेच म्हणते."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लांब बाहीच आली. पुसायला शिंपी आला आणि वाचायला दोन्ही आळ्या.

तो फळा आता नाही. भिंतही नाही. विहिरीची तिसरी पायरी मात्र आहे, तासून बसकी केलेली, मधे जराशी खोलगट. त्या गावातून सून होऊन दुसरीकडे गेलेल्या बाया आजही कुठं विहीर दिसली की पायऱ्या मोजतात, आणि तिसरीशी आल्या की उगीच हसतात.

तात्पर्य एवढंच : आपल्याला वाटेल ती बाजू घ्यावी, पण ज्याच्यावर हसायचं त्याला शेजारी उभं राहून वाचता येईल असंच लिहावं, आणि आपल्या माणसाची उंच पायरी सगळ्यांत आधी आपण लिहावी.