बंद दाराचा ठराव

डोंगरापलीकडच्या एका संस्थानात हेरखात्याचे प्रमुख होते भुजंगराव. दरसाल ते प्रजेच्या प्रतिनिधींच्या सभेत यायचे, मिशीला पीळ द्यायचे आणि म्हणायचे, "खात्याला पाठिंब्याचा ठराव करा, खर्च मंजूर करा. कशाला लागतो ते विचारू नका, गुप्त आहे. विचारील तो राज्याचा वैरी." आता स्वतःला वैरी कोण म्हणवून घेणार? हात भराभर वर जायचे.

त्या वर्षी मात्र सभासद सगुणाबाई उठल्या. "शत्रू सीमेवर आहे, खातं हवंच. पण ठरावावर आम्हाला आपसात बोलायचंय. रावसाहेब, आपण जरा बाहेर बसावं."

दारं लागली. भुजंगराव ओसरीवर येरझारा घालू लागले. आतून काही ऐकू येईना. दार उघडताच ते गरजले, "झाला का मंजूर?"

"ते गुप्त आहे," सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या.

"अहो, ठराव माझ्या खात्याचा! मला कळायला नको?"

"आणि खातं प्रजेच्या पैशावर चालतं. तिच्या माणसांना कळायला नको?"

भुजंगराव आत आले, स्वतःच्या हातानं दार लावलं आणि बोलू लागले. हेरांची नावं सांगितली नाहीत, पण पैसा कुठं जातो ते सांगितलं. ठराव एकमतानं झाला.

निघताना त्यांनी हळूच विचारलं, "आता तरी सांगा, मघाशी काय ठरलं होतं?"

"काहीच नाही," सगुणाबाई म्हणाल्या. "आम्ही नुसते दार लावून बसलो होतो. बाहेर उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते आपल्याला सांगून पटलं नसतं."